मदत हवी आहे: लोकर २०० ग्रॅम, शाल सासूबाईंची, आणि हिशोब चुकलाय

टाकाचुकला

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते. विणकाम शाळेत शिकले होते, त्यानंतर बाळाची टोपडी आणि मोजे यांच्यापुढे कधी गाडी गेली नाही. यंदा धाडस केलं आणि अडकले.

नणंदबाई मे महिन्यात कुलू-मनालीला गेल्या होत्या. तिथून त्यांनी लोकरीच्या चार लडी आणल्या. रंग गडद डाळिंबी, हाताला जराशी खरखरीत. लेबलावर एवढंच: ५० ग्रॅम, ११० मीटर. म्हणजे सगळी मिळून २०० ग्रॅम, ४४० मीटर. "वहिनी, तुम्हाला येतं ना विणायला, आईला एक शाल करा," म्हणाल्या आणि पिशवी माझ्या हातात. तेव्हा मला कुठे माहीत, २०० ग्रॅम म्हणजे किती ते!

सासूबाईंना ती गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, हवी आहे. एरवी सोलापुरात लोकरीची शाल म्हणजे चेष्टाच, उन्हाळ्यात आम्ही इथे ४२-४३ डिग्रीत भाजून निघतो. पण संक्रांतीनंतर होम मैदानावरचं दारूकाम बघायला त्या न चुकता जातात, तास-तासभर आधी जागा धरून बसतात, आणि तलावाकडून येणारं वारं त्यांच्या खांद्यात शिरतं.

मी ८ नंबरच्या सुयांवर १२० टाके घातले आणि सगळ्या ओळी सुलट (साधा सरळ टाका), अशी सरळ पट्टी विणत सुटले. रविवारी सहज किचनच्या काट्यावर उरलेली लोकर ठेवली. ९० ग्रॅम संपलीय. विणून झालंय ६० सेंमी रुंद आणि ३४ सेंमी लांब. त्रैराशिक मांडलं तर २०० ग्रॅममध्ये जेमतेम ७५ सेंमी होणार. ६० बाय ७५! याला शाल म्हणत नाहीत, टॉवेल म्हणतात. आणि सोलापूरच्या घरात टॉवेल कमी आहेत का हो?

आणखी लोकर मिळणार नाही. नवी पेठेत दोन दुकानं फिरले, लहान मुलांच्या रंगातलं अॅक्रिलिक तेवढं होतं. नणंदबाईंना मनालीचं दुकान आठवत नाही, बिल तर नाहीच.

तर आता हे सगळं उसवू का? की दुसरा रंग जोडून लांबी वाढवू? आणि उसवलं तर कुठला आकार घेऊ, की शेवटी चार टाक्यांसाठी लोकर कमी पडली असं व्हायला नको? एक अट आहे. सासूबाईंनी बजावलंय, "ते भोकं भोकं असलेलं नको, वारं आत येतं." म्हणजे जाळीची नक्षी बाद.

दोनसुया

उसव. आजच उसव, उद्या जास्त जीवावर येईल.

चूक तुझ्या हाताची नाही, सुयांची आहे. सगळ्या ओळी सुलट ही वीण दाट असते, ती लोकर खाते, आणि त्यात तू घेतल्यास ८ नंबर, म्हणजे ४ मिलिमीटर. आपल्याकडच्या सुयांचे नंबर उलटे चालतात, आकडा लहान तशी सुई जाड. ५ नंबर घे, साडेपाच मिलिमीटर. वीण सैल होईल, अंगावर पडेल, आणि तेवढ्याच लोकरीत कापड जास्त निघेल. भोकं दिसणार नाहीत.

आकार त्रिकोणी, मानेच्या मध्यापासून सुरू करून खाली वाढवत नेलेला. पट्टीमध्ये रुंदी आधीच ठरते आणि लांबी नशिबावर. इथे उलट आहे, तू कधीही थांबलीस तरी हातात पूर्ण शाल असते, फक्त लहान किंवा मोठी.

टाके घाल ७. दर एकाआड ओळीत असं कर: २ सुलट, लोकर पुढून घेऊन एक नवा टाका, मधल्या टाक्यापर्यंत सुलट, नवा टाका, मधला १ सुलट, परत नवा टाका, शेवटचे २ राहीपर्यंत सुलट, नवा टाका, २ सुलट. म्हणजे ७ चे ११ झाले. परतीची ओळ सगळी सुलट, आणि परतताना ते नवे टाके मागच्या बाजूने सुई घालून विण, म्हणजे पीळ बसतो आणि भोक बुजतं. सासूबाई खूश. मधल्या टाक्याला सेफ्टी पिन लावून ठेव, नाहीतर पन्नास ओळींनंतर शोधत बसशील.

धगधगी

उसवायच्या आधी एक बघा ताई, लोकर खरी आहे का? मनालीला पर्यटकांच्या गळ्यात काहीही मारतात. बोटभर तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. हे यासाठी विचारते की खरी लोकर शेवटी ओली करून ताणली की तशी राहते, अॅक्रिलिक नुसत्या पाण्याला दाद देत नाही.

पूर्वभागकर

वैनी, आमच्या घरात तीन पिढ्या माग. तुमचं वाचून वडील हसलालेत. म्हणाले, चादरीचा ताणा (उभे धागे) भरायच्या आधीच सुताचा हिशोब होतो, विणता विणता कोण करतंय? आणि त्यातपण शेवटचं सूत मागात अडकून राहतं, ते विणताच येत नाही, वाया जातं. ते वाया जाणारं आधीच धरायचं असतं. तुमच्या शालीतपण असं कायतरी असणार की, शेवटी अडकून बसणारं?

दोनसुया

पूर्वभागकर, वडिलांना माझा नमस्कार सांगा. बरोबर ओळखलं त्यांनी. सुयांच्या कामात ते म्हणजे टाके बंद करणं, शेवटची कड उसवू नये म्हणून. साध्या ओळीपेक्षा त्याला जवळजवळ दीडपट लोकर जाते, आणि सैल बंद केले तर त्याहून थोडी जास्त. म्हणून शेवटच्या दोन ओळींएवढी लोकर बाजूला आहे असं समजायचं, तिला हात लावायचा नाही.

टाकाचुकला

जाळून बघितली. घरभर केस जळाल्याचा वास, ह्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, राख भुगा झाली. म्हणजे नणंदबाई फसल्या नाहीत.

दोनसुयाताई, उसवायला घेतलं आहे पण लोकर मॅगीसारखी कुरळी झालीय. अशीच विणू? आणि त्रिकोणात अर्धी लोकर संपली म्हणजे शाल अर्धी झाली असं समजायचं का?

दोनसुया

अशी कुरळी विणलीस तर टाके वेडेवाकडे येतील. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड कर, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांध, कोमट पाण्यात अर्धा तास बुडव, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढ (आता टॉवेल कामाला आला) आणि सावलीत टांग. चोळू नकोस, पिळू नकोस, नाहीतर धागे एकमेकांत गुंतून नमदा होईल. पूर्ण वाळल्यावरच वजन कर. लोकर ओल धरून ठेवते, हाताला कोरडी वाटली तरी काट्यावर दोन-चार ग्रॅम खोटे दाखवते, आणि तुझा सगळा हिशोब त्या ग्रॅमवरच आहे.

दुसरा प्रश्न चांगला विचारलास, इथेच सगळे फसतात. त्रिकोणात प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून लांब असते. त्यामुळे निम्म्या ओळी झाल्या तेव्हा फक्त पाव लोकर संपलेली असते. अर्धी लोकर संपते तेव्हा ओळींपैकी साधारण ७१ टक्के झालेल्या असतात. सुरुवातीला वाटतं, अरे वा, केवढी उरलीय, आणि शेवटी गुंडा डोळ्यांदेखत वितळतो.

तुझ्या लोकरीत अंदाजे १६५ ओळी बसतील. शेवटी सुईवर सव्वातीनशेच्या वर टाके असतील, म्हणून लांब केबलची गोल सुई घे, सरळ सुयांवर ते मावणार नाहीत. तेव्हा एका ओळीला दोन-सव्वादोन ग्रॅम जातात. घरचा काटा एकेक ग्रॅम दाखवतो, त्यावर एक ओळ मोजून काही कळत नाही. चार ओळी विण, आधीचं आणि नंतरचं वजन वजा कर, चारने भाग. काट्यावर ५० ग्रॅम उरले की दर चार ओळींनी हेच करायचं.

कोपरा

मी वेगळं सांगेन. मानेपासून त्रिकोण कशाला? एका टोकापासून ३ टाक्यांनी सुरुवात करा, एकाच बाजूला दर चौथ्या ओळीत १ टाका वाढवत जा. १०० ग्रॅम संपले की त्याच बाजूला तसेच कमी करत या. लोकर बरोब्बर संपते, हिशोबच नको.

दोनसुया

हिशोब नको हे खरं, पण त्याने लांब निमुळता मफलर होतो. कॉलेजच्या मुलीला छान. म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर काय पडणार त्यातलं? शिवाय सासूबाई पदर खांद्यावरून पुढे घेणार, त्यावर हे बारीक टोक सटकत राहणार. दुसरा रंग जोडायचाच असेल तर शेवटच्या इंचभर काठाला, आणि तोही लोकरीचाच. त्या अॅक्रिलिकचा काठ पहिल्या धुण्यानंतर वेगळाच वागेल.

टाकाचुकला

अपडेट. उशीर झाला, माफ करा, मध्ये मुलाची सहामाही होती.

लोकर वाळवून वजन केलं, १९४ ग्रॅम भरली. (जाळून बघितला तो तुकडा, आणि गाठी मारलेली टोकं मी कापून टाकली होती. नंतर कळलं की खऱ्या लोकरीची टोकं पिंजून, ओली करून तळहातावर घासली की आपोआप जुळतात. एकही गाठ नाही आता!) ५ नंबरची गोल सुई इथे मिळाली नाही, पुण्याहून मागवली.

पहिल्या शंभर ओळी मजेत गेल्या. सासूबाई रोज संध्याकाळी समोर बसून "एवढीशीच?" विचारायच्या. १४० ओळींनंतर मात्र एक ओळ म्हणजे मालिकेचा एक भाग. १६० ओळींना काट्यावर २१ ग्रॅम होते. चार ओळी विणल्या, १२ राहिले. म्हणजे ओळीला सव्वादोन. अजून चार विणल्या असत्या तर तीनच उरले असते. दोन विणल्या, साडेसातच्या आसपास उरली, पूर्वभागकरांच्या वडिलांची आठवण ठेवली आणि टाके बंद करायला घेतले. शेवटच्या वीस टाक्यांपर्यंत छातीत धडधड होती. पण पुरली, वर चार-साडेचार ग्रॅम उरलीसुद्धा!

मोजली. वरची बाजू १३८ सेंमी, मधली खोली ६९. कोमट पाण्यातून काढून गादीवर चादर घालून (सोलापुरीच), टोकं ताणून पिना लावल्यात. आता वरची बाजू १५० आणि खोली ७५ दिसतेय.

एकच शेवटचा प्रश्न. ही गादी आमच्या दोघांची आहे आणि आता रात्रीचे नऊ वाजलेत. वरून ती कोरडी लागतेय. पिना काढू का?

दोनसुया

अजिबात नाही. खाली ओल असते. उद्या दुपारपर्यंत हात लावू नकोस, आत्ता सोडलीस तर परत आखडेल.

टाकाचुकला

बरं. ह्यांना सांगितलं, ते सतरंजी घेऊन हॉलमध्ये गेले. सासूबाई म्हणतायत, पंखा लावा त्या शालीला.