ट्रेन अडवली आणि उत्तर आलं फक्त १५ किलो टीएनटी??

गणिताचा_किडा
मंडळी एक शंका. स्पायडरमॅन २ (२००४) मधला ट्रेनचा सीन आठवतोय ना, व्हिलन डॉक्टर ऑक्टोपस कंट्रोल तोडून पसार होतो आणि पीटर (म्हणजे स्पायडरमॅन) इंजिनासमोर उभा राहून दोन्ही बाजूच्या बिल्डिंगांवर जाळी मारत गाडी थांबवतो. मित्राशी पैज लागलीये, तो म्हणतो हे सरळसरळ "अख्खी बिल्डिंग पाडण्याइतकं" काम आहे. मी बसलो कॅल्क्युलेटर घेऊन. माणसांसकट गाडी २०० टन धरली, वेग ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर, मग गतीच्या एनर्जीचा फॉर्म्युला अर्धा एमव्ही स्क्वेअर (अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) लावून ६.२५ कोटी ज्यूल आले. एक किलो टीएनटी (स्फोटक) फुटलं की साधारण ४१.८ लाख ज्यूल, भागाकार केला तर जेमतेम १५ किलो!! एवढा घाम गाळून १५ किलो? कुठे शून्य गाळलंय का मी?

निवांत_न्यूटन
शून्य बिन्य काही गाळलं नाहीस भावा, उत्तर बरोबर आहे. अजून रडायचं असेल तर ऐक, एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वातीन कोटी ज्यूलच्या आसपास निघतात, म्हणजे तुझी अख्खी ट्रेन दोन लिटर पेट्रोलमध्ये बसली 😄

मुद्दा असा की एनर्जी हा आकडाच इथे चुकीचा पकडलाय लोकांनी. दोन लिटर पेट्रोल कुणीही खर्च करेल, पण ते खांद्यातून, मनगटातून खर्च करायचं आहे. फोर्स काढ. समजा ५० सेकंदात गाडी थांबली, तर २ लाख किलो गुणिले २५ भागिले ५० = १ लाख न्यूटन, म्हणजे सुमारे १० टनांचा ओढा, प्रत्येक हाताला ५ टन, आणि तो सलग पाऊण मिनिटाच्या वर धरून ठेवायचा. तेवढ्यात गाडी सव्वासहाशे मीटर पुढे जाते. त्यात जाळी सरळ मागे नाही, तिरकी बांधलेली, गाडीच्या दिशेशी ६० अंशाचा कोन असेल तर धाग्यातला ताण थेट दुप्पट. गाडी पुढे सरकते तसा कोन कमी होतो म्हणून सुरुवातीचे काही सेकंद सगळ्यात वाईट.

डोंबारी_००७
आणि मोटर?? कंट्रोल तुटलेत, गाडी फुल्ल पॉवरवर आहे ना. तू फक्त आधीचा वेग मोजलास, मोटर पूर्ण वेळ वरून ढकलत्ये ती एनर्जी कोण मोजणार. समजा तिनेही सरासरी १ लाख न्यूटन लावला तर ६२५ मीटरमध्ये अजून ६.२५ कोटी ज्यूल, म्हणजे आकडा डबल, आणि पीटरला १० च्या जागी २० टन ओढायला लागले. तरी बिल्डिंग पडत नाही, पैज तूच जिंकलास 🙏

ता.क. लेस्टर विद्यापीठातल्या फिजिक्सच्या पोरांनी याच सीनवर खरोखर पेपर लिहिलाय आणि त्यांच्या हिशोबात जाळीचा ताठपणा खऱ्या कोळ्याच्या धाग्याच्या तोडीचा निघाला. म्हणजे जाळी पटते, पोरगा पटत नाही.

शंकासुरी
न्यूटनभाऊंना अनुमोदन. याच हिरोचं उलटं उदाहरण बघा, १९७३ चा कॉमिक्सचा १२१ वा अंक, पीटरची मैत्रीण ग्वेन स्टेसी पुलावरून पडते आणि हा तिला जाळीने पकडतो तरी ती वाचत नाही. ५० किलोची मुलगी ९० मीटर पडली तर वेग सेकंदाला ४२ मीटर होतो (हवेचा अडथळा सोडून), कायनेटिक एनर्जी ४४ हजार ज्यूल, टीएनटीत मोजली तर साडेदहा ग्रॅम!! ग्रॅम. हिरोंची ताकद टीएनटीत मोजून क्रम लावणाऱ्या पॉवर लेव्हलवाल्यांच्या तक्त्यात हे खिजगणतीतही नाही. पण अर्ध्या सेकंदात थांबवलं तर शरीराला साडेआठ जीचा (स्वतःच्या वजनाच्या साडेआठपट) झटका, सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवलं तर ४० च्या वर. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे फिजिक्सचे प्रोफेसर जेम्स काकालिओस हा अंक घेऊनच विद्यार्थ्यांना इम्पल्स (फोर्स गुणिले वेळ) समजावतात.

म्हणून कुणी नुसतं "अमुक टन टीएनटी" म्हणून फेकलं की मी आधी विचारते किती वेळात आणि किती अंतरात. उत्तर येत नाही, ब्लॉक करतात.

आणि हो, सुसाट पळणारा सुपरहिरो फ्लॅश, त्याला हाच फॉर्म्युला लावणारे महाभाग वेगळेच. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाला अर्धा एमव्ही स्क्वेअर चालत नाही, खरं उत्तर त्याच्या बारापट येतं. तिथे मात्र बिचाऱ्याला उगाच कमी मार्क देतात.

गणिताचा_किडा
भारी!! मित्राला पाठवलं, तो आता म्हणतोय "मग टनांत बोल, एका हाताला १० टन म्हणजे पण कमी नाही". पैजेचा वडापाव देतो की नाही बघू. बाय द वे, जाळी मारायच्या आधी तो पाय खाली सोडून ब्रेक लावायला बघतो आणि रुळांमधले लाकडी स्लीपर कडाकडा मोडत जातात, त्यात किती एनर्जी गेली ते कोणी काढलंय का?

डोंबारी_००७
स्लीपर मोजायला बसलोय, सीन स्लो करून. थांब जरा.