गाडीचा एसी २४ वर, तरी मागे घाम

बी-४०१ वहिनी: जरा एक विचारायचं होतं सगळ्यांना. नवीन गाडीत ऑटो एसी आहे, २४ ला लावला तरी दुपारी आईंना मागे घाम येतो आणि पुढे माझे गुडघे गारठतात. हे म्हणतात लो कर, लवकर गार होईल. नक्की कितीला ठेवायचा?

ए-१०२ काका: लो वरच टाकायचा आणि ब्लोअर फुल. दांडिया बाजारातून निघालं की अकोटा ब्रिजपर्यंत गाडी गार. आमच्या गाडीत तर नॉब सरळ निळ्याच्या टोकाला असतो बारा महिने.

सी-३०३ दादा: काका तुमच्या गाडीला ते बरोबरच आहे, पण वहिनींची सिस्टिम वेगळी आहे. मी गाड्यांच्या एसीचंच काम करतो म्हणून जरा लांबलचक लिहितो, वेळ मिळेल तेव्हा वाचा. वहिनी, २४ म्हणजे व्हेंटमधून २४ ची हवा येते असं नाही. चांगल्या एसीची मधल्या व्हेंटची हवा साधारण ५ ते १० अंश असते, इव्हॅपोरेटर म्हणजे हवा गार करणारी आतली जाळी, ती शून्याच्या खाली जाऊन बर्फ धरू नये म्हणून तिला सेन्सर असतो, त्यामुळे तुम्ही १६ मारा नाही तर लो मारा, त्यापेक्षा गार हवा एसी बनवूच शकत नाही. २४ म्हणजे केबिन २४ वर आणून तिथे धरून ठेव एवढाच हुकूम. गाडी उन्हात तापून आत ५५-६० झालं असेल तर २४ ला पण तो फुल ताकदीनेच चालतो, लो केल्याने लवकर गार होत नाही. फक्त २४ ला पोचल्यावर तो आपोआप कमी होतो आणि लो वर होत नाही, म्हणून तुमचे गुडघे गारठतात.

बी-४०१ वहिनी: मग मागे का गरम?

सी-३०३ दादा: कारण केबिनचं टेंपरेचर मोजणारा सेन्सर पुढे असतो, बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास एक बारीक जाळी दिसेल, त्याच्यातून थोडी हवा आत ओढून तो मोजतो. पुढे २४ झालं की त्याच्या दृष्टीने काम झालं, मागच्या सीटवर काय आहे ते त्याला कळत नाही. पुढच्या व्हेंटची पट्टी वर करा, छताकडे, गार हवा जड असते ती आपोआप खाली बसते आणि मागेपर्यंत पण जाते, आणि अंगावर सरळ मारा बसत नाही. मागे व्हेंट असले तरी काही गाड्यांत त्यांचा पंखा केबिनचीच हवा फिरवतो, वेगळा गारवा तिथे तयार होत नाही. आणि एक विचारतो, डॅशबोर्डवर काय ठेवलंय?

बी-४०१ वहिनी: गणपती आहे, आणि त्याच्याखाली जरीचं कापड. आईंनी दिलंय.

सी-३०३ दादा: कापड काढून बघा, काचेजवळ बटणाएवढा काळा गोल घुमट दिसेल. तो उन्हाचा सेन्सर. ऊन थेट आत येतंय का हे तो सांगतो आणि त्याप्रमाणे ब्लोअर वाढतो. तो झाकला गेला की गाडीला वाटतं सावली आहे, आणि दुपारी दोन वाजता पण एसी हळूच चालतो. बाप्पांना दुसऱ्या बाजूला बसवा, कापडाची घडी लहान करा. तुमच्या त्रासाचं अर्धं कारण मला हेच वाटतंय.

डी-२०१ ताई: अरे पण माझ्या गाडीत बाहेरचं टेंपरेचर पण चुकीचं दाखवतं. परवा काळा घोडा सिग्नलला ४८ दाखवत होतं, मोबाईलमध्ये ४२ होतं.

सी-३०३ दादा: ताई तो सेन्सर पुढच्या बंपरच्या आत असतो, गाडी उभी राहिली की इंजिनची आणि रस्त्याची गरमी त्यालाच लागते. गाडी पळायला लागली की हळूहळू खाली येतो, बिघाड नाही.

ए-१०२ काका: पण मग माझ्या नॉबचं काय? मध्ये ठेवला तर पेट्रोल वाचतं ना?

सी-३०३ दादा: नाही हो काका, तुम्ही निळ्याला ठेवता तेच बरोबर. बऱ्याच साध्या गाड्यांत नॉब मधे आणला की आत एक झडप फिरते आणि गार हवेत हीटरची गरम हवा मिसळते, नळाला गार पाण्यात गरम पाणी मिसळावं तसं. कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, आपला चालूच. आधी गार करायचं, मग तेच गरम करायचं. जास्त गार वाटलं तर ब्लोअर कमी करा, नॉब हलवू नका. ऑटोमध्ये पण तीच झडप असते, पण ती कॉम्प्युटर हलवतो.

डी-२०१ ताई: आणि उन्हात तापलेल्या गाडीत बसताना? मी लगेच काचा बंद करून एसी लावते.

सी-३०३ दादा: आधी चारही काचा खाली करा, ब्लोअर फुल, गाडी सुरू करून गल्लीच्या टोकापर्यंत तशीच जाऊ द्या. आतली हवा बाहेरच्या ४२ पेक्षा किती तरी गरम असते, ती फुकट बाहेर जाते. मग काचा वर, आणि रिसर्क्युलेशन म्हणजे गाडीत वळलेल्या बाणाचं बटण दाबा, तेव्हा एसी आतलीच थोडी गार झालेली हवा परत गार करतो, बाहेरची गरम ओढत नाही. बऱ्याच ऑटो गाड्या हे स्वतः करतात. पण अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर चार-पाच जण असाल तर ते बटण कायम दाबून ठेवू नका प्लीज. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (दहा लाखात ४२० भाग) आसपास असतो, बंद गाडीत माणसं श्वास घेतात आणि तो हजारांत जातो, मग डोकं जड होतं, जांभया येतात, ड्रायव्हरला झोप येते आणि आपण म्हणतो जेवण जास्त झालं. थोड्या थोड्या वेळाने बाहेरची हवा आत येऊ द्या.

ए-३०४ आत्या: मुलांचं पण लिही रे. परवा खंडेराव मार्केटजवळ एक बाळ गाडीत होतं, आई भाजी घेत होती, काच दोन बोटं उघडी. मी तिला बोलले तर म्हणे दोन मिनिटांचं काम आहे.

सी-३०३ दादा: आत्या बरं झालं विषय काढलात. २००५ मध्ये पेडियाट्रिक्स या बालरोगांच्या मासिकात एक अभ्यास आला होता, स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं आतलं टेंपरेचर तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर अवघं २२ असताना आतलं ४७ पर्यंत गेलं. काच थोडी उघडी ठेवून जवळजवळ काही फरक पडला नाही. आता बडोद्याचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. आणि एसी चालू ठेवून मुलाला आत सोडून जाऊ नका, इंजिन बंद पडलं, कॉम्प्रेसर थांबला किंवा मुलाने बटण दाबलं की तेच. मुलाला सोबत न्या, जड झालं तरी चालेल. कुठे आत मूल दिसलं तर तुम्ही केलंत तसंच करा, गप्प बसू नका.

ए-३०४ आत्या: हो रे बाबा. मी तिथेच उभी राहिले ती येईपर्यंत.

डी-२०१ ताई: माझी गाडी हायवेला गार होते पण सिग्नलला उभी राहिली की गरम हवा यायला लागते, एसीचा गॅस भरून घेऊ का?

सी-३०३ दादा: लगेच गॅस भरू नका. उभ्या गाडीत समोरून वारा नसतो, कॉम्प्रेसर पण इंजिनसोबत हळू फिरतो, त्यामुळे थोडं कमी होणं नॉर्मल आहे. पण चक्क गरम येत असेल तर रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरचा, म्हणजे एसीची गरमी बाहेर टाकणाऱ्या जाळीचा, पंखा चालतो का बघा, किंवा कंडेन्सरमध्ये धूळ आणि किडे बसलेत का. गॅस बंद पाइपात असतो, गळती नसेल तर तो संपत नाही. कोणी न तपासता भरायला सांगितलं तर आधी लीक चेक करायला लावा.

बी-४०१ वहिनी: दादा, गणपती सरकवला. कापडाखाली खरंच काळा गोल आहे. रविवारी सकाळी गाड्या एकदा बघाल का?

सी-३०३ दादा: बघतो ना. ८ वाजता पार्किंगला या, थर्मामीटर मी आणतो. ताई, तुमची गाडी पहिली घेऊ, पंखा बघायचाय. केबिन फिल्टर कुठे असतो तो पण दाखवतो, बहुतेक ग्लोव्ह बॉक्सच्या मागे.