शब्दचर्चा : ‘लोकसहभाग’ म्हणजे वर्गणी की विचारणा?

नदीकाठ

आमच्या शहराच्या विकास आराखड्याचं प्रारूप लवकरच प्रसिद्ध होणार आहे. प्रभागातल्या घराघरांत वाटायला आम्ही काही जण दोन पानी पत्रक तयार करतोय. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये जी १७ शाश्वत विकास ध्येये ठरवली, त्यांतलं अकरावं ध्येय शहरांबद्दल आहे. त्यातल्या ११.३ या लक्ष्याचा मथितार्थ असा : २०३० पर्यंत सर्वांना सामावून घेणारं आणि शाश्वत नागरीकरण वाढावं, आणि वस्त्यांचं नियोजन लोकांना बरोबर घेऊन करण्याची क्षमता प्रत्येक देशात वाढावी. पत्रकाची सुरुवात मी यावरून केली आणि लिहिलं, ‘शहर नियोजनात लोकसहभाग वाढवणे.’

शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “बरं, मग माणशी किती काढायचे?”

त्या चेष्टा करत नव्हत्या. ‘लोकसहभाग’ म्हटल्यावर त्यांच्या मनात खरोखरच पावतीपुस्तक आलं. तेव्हापासून मी या शब्दापाशी अडकले आहे. ‘सहभाग’, ‘सहभागिता’, ‘भागीदारी’ यांतला नेमका कोणता घ्यावा? की यांतला एकही नको?

उपसंपादक

काकूंचं बरोबर आहे. वीस-बावीस वर्षं बातम्यांना मथळे देतोय. ‘लोकसहभागातून बंधारा’, ‘लोकसहभागातून शाळेची रंगरंगोटी’, ‘लोकसहभागातून स्मशानभूमीचे सुशोभीकरण’ असे मथळे मीच किती दिले असतील. प्रत्येक ठिकाणी अर्थ एकच : लोकांनी पैसे दिले, नाहीतर घाम गाळला. गावोगावच्या पाणीपुरवठा योजनांत १० टक्के लोकवर्गणीची अट होती. त्या काळात हा अर्थ अधिकच पक्का झाला. काम काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं, सहभाग नंतर येतो.

ठरवण्याच्या वेळी लोकांना वगळलं, तर मराठी माणूस ‘सहभाग नाकारला’ असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आम्हाला विश्वासात घेतलं नाही’. मोर्चाच्या प्रत्येक निवेदनात ही ओळ सापडते. म्हणजे ज्या कल्पनेला तुम्ही शब्द शोधताय तिच्यासाठी आपल्याकडे वाक्प्रचार आहे, पण तो तक्रारीच्या रूपातच वापरला जातो. ‘विश्वासात घेतलं’ अशी होकारार्थी बातमी मला तरी क्वचितच छापायला मिळाली.

शब्दवेडी

‘भागीदारी’ नको. मराठीत तिला दुकानाचा, नफा-तोट्याचा वास आहे. हिंदीत ‘जनभागीदारी’ सर्रास चालते, तिथून ती आपल्या फलकांवर उतरली आहे. ‘सहभागिता’मध्ये ‘ता’ लावून काहीच नवीन मिळत नाही. ‘सहभागी नियोजन’ हा तर मला चुकीचाच प्रयोग वाटतो, कारण त्यात नियोजनच कशात तरी सहभागी झालंय असा अर्थ निघतो. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू झाली, तिलाही ‘सहभागी अंदाजपत्रक’ म्हणतात. तिथेही तीच अडचण.

‘वाटा’ या शब्दाचा विचार करून पाहा. त्याला दोन क्रियापदं चिकटतात. ‘वाटा उचलणे’ म्हणजे भार घेणे आणि ‘वाटा मिळणे’ म्हणजे हक्क पोचणे. आपण लोकांच्या बाबतीत नेहमी पहिलंच वापरतो, आणि कौतुकानं ‘खारीचा वाटा’ म्हणतो. खारीची गोष्ट मला लहानपणापासून प्रिय आहे. पण तिथे सेतू कुठून कुठे बांधायचा हे ठरलेलं होतं, खारीनं फक्त वाळू आणली. शहराच्या आखणीत माणसांना खारीचा वाटा देऊन भागणार नाही. सेतू कुठे हवा, हेही त्यांना विचारायला हवं.

आरेखक

मी नगररचनेच्या कामात आयुष्य घालवलं, नकाशे काढण्यात. आधी एक दुरुस्ती. कायद्यातला शब्द ‘विकास योजना’ आहे. ‘विकास आराखडा’ हा वर्तमानपत्रांनी रूढ केला. लोकांना आराखडाच कळतो, तेव्हा पत्रकात तोच ठेवा, पण कचेरीत अर्ज द्याल तेव्हा ‘प्रारूप विकास योजना’ असंच लिहा.

आता मुद्द्याचं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात लोकांसाठी जी जागा आहे, तिचं नाव सहभाग नाही. तिथले शब्द आहेत हरकत, सूचना आणि सुनावणी. कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होतं आणि हरकती-सूचनांसाठी साधारण ३० दिवसांची मुदत मिळते. कलम २८ खाली नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त ४ जाणकार असतात. ही समिती अर्जदारांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकते. पुण्याच्या जुन्या हद्दीचं प्रारूप २०१३ मध्ये आलं, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. सात माणसांनी ८७ हजार माणसांचं ऐकायचं! एकेकाच्या वाट्याला किती क्षण आले असतील, याचा हिशेब मी त्या वेळी वहीच्या मागच्या पानावर केला होता. तो इथे मांडवत नाही.

हरकतीच्या अर्जात पहिल्यांदा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लागतो. ज्याच्या नावावर जमीन आहे, तो वकील घेऊन येतो. भाडेकरू, हातगाडीवाला, बसथांब्यावर उभी राहणारी बाई, यांना कुठला नंबर? अकराव्या ध्येयात ‘सर्वांना सामावून घेणारी शहरं’ असं म्हटलंय त्याचा अडसर मला तरी या एका रकान्यात दिसायचा. नंबर नसलेला अर्ज घ्यायचा नाही, असा नियम नाही. पण रकाना कोरा दिसला की माणूस स्वतःच मागे फिरतो.

शब्दवेडी

काका, तुम्ही सांगितलेले तिन्ही शब्द उकलण्यासारखे आहेत.

‘हरकत’ मूळ अरबी, अर्थ हालचाल. हिंदीत ती कृती झाली, बऱ्याचदा खोडीच्या अर्थानं. गाण्यात ती गळ्याची सुंदर हालचाल आहे. मराठीत मात्र तिचा अर्थ आक्षेप झाला आणि आपल्या तोंडी ती बहुतेक नकाराबरोबर येते, ‘काही हरकत नाही’. ज्या भाषेत हरकत नसणं हा सभ्यपणा मानला जातो, तिथे सरकारी कागद माणसाला ‘तुझी हरकत लिही’ म्हणतो, तेव्हा साधा माणूस बिचकतो. त्याला वाटतं, आपण भांडण उकरून काढतोय.

‘सूचना’ दोन्ही बाजूंची. महापालिका काढते ती सूचना (‘सर्व नागरिकांना सूचना देण्यात येते की…’) आणि नागरिक पाठवतो तीही सूचना. पहिली पाळायची असते, दुसरी विचारात घेतली तर घ्यायची. शब्द एकच, वजन वेगळं.

आणि ‘सुनावणी’! मराठीत ऐकणाऱ्याचं क्रियापद ‘ऐकणे’. ‘सुनावणे’ हे बोलणाऱ्याचं. खडे बोल सुनावतात, शिक्षा सुनावतात. त्यामुळे सुनावणीला गेलेल्या माणसाला आपलं ऐकून घेतील की आपल्याला सुनावतील, याची खात्री नसते.

पाऊलवाट

मी एका सुनावणीला गेले होते, शहराचं नाव नको. आमच्या गल्लीतून रस्ता दाखवला होता आणि त्या रेषेखाली बालवाडी येत होती. तीन तास बसलो. नंबर आल्यावर “मुद्दा लेखी दिला आहे ना?” एवढंच विचारलं. हो म्हटलं. पुढचा नंबर पुकारला. शब्दवेडीताईंनी जे लिहिलं, ते वाचून त्या दिवसाची बोच पुन्हा जाणवली. तिथे आम्हाला कुणी सुनावलंही नाही आणि आमचं ऐकलंही नाही.

उपसंपादक

‘शाश्वत’बद्दल कुणीच बोललं नाही. माझा आक्षेप जुना आहे. शाश्वत म्हणजे कधीच न संपणारं, आत्म्यासाठी वापरायचा शब्द. शहर काही शाश्वत नसतं. ‘टिकाऊ’ का नको?

शब्दवेडी

‘टिकाऊ’ वस्तूला शोभतो, चप्पल, पिशवी, रंग. शिवाय टिकाऊ विकास म्हटलं की झालेलं बांधकाम टिकेल, एवढाच अर्थ पोचतो. मूळ कल्पना १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातून रूढ झाली : आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर घाला येऊ द्यायचा नाही. ‘शाश्वत’मध्ये निदान काळाची लांबी आहे. हिंदीतलं ‘सतत विकास’ आपल्याकडे आलं नाही हे फार बरं झालं. मराठीत सतत म्हणजे न थांबता. सतत विकास म्हणजे रात्रंदिवस चालू असलेला काँक्रीट मिक्सर.

आरेखक

मला ‘शाश्वत’पेक्षा ‘विकास’ची जास्त चिंता आहे. संस्कृतात विकास म्हणजे उमलणं. आमच्या अधिनियमातली व्याख्या निराळी आहे. जमिनीवर, जमिनीखाली किंवा वर केलेलं बांधकाम, खोदकाम, खाणकाम, जमिनीच्या वापरातला बदल, हे सगळं म्हणजे विकास. अस्तित्वात असलेली इमारत पाडणं हासुद्धा कायद्याच्या भाषेत विकासच. त्यातूनच पुढे ‘विकासक’ आला, ‘विकसन शुल्क’ आलं. टेकडी तशीच राखणं, ओढा मोकळा ठेवणं याला या व्याख्येत जागा नाही. ती ‘ना-विकास क्षेत्र’ होते, म्हणजे नावातच नन्ना.

तर ‘शाश्वत विकास ध्येय’ आणि ‘विकास योजना’ हे दोन कागद शेजारी ठेवले, तर दोन्हींवर विकास हा शब्द आहे आणि दोन्हींत तो वेगळा आहे. पत्रकात हे एका ओळीत सांगता आलं तर सांगा. माझ्या मते जागतिक ध्येयं आणि आपल्या शहराचा नकाशा यांचा सांधा इथेच निखळतो.

सांगेकर

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे या शब्दांची परीक्षा रस्त्यावर झाली. २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा अधिसूचित झाला, तेव्हा लोकांना कळलं की शेतं, डोंगरउतार वस्तीसाठी रंगवलेत. गोवा बचाव अभियानाचं आंदोलन उभं राहिलं आणि २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. नंतरच्या, २०२१ पर्यंतच्या आराखड्यासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचं कृतिदल नेमलं, आणि मसुदे पंचायतींकडे गेले. गावात माणसं नकाशा जमिनीवर पसरून बसायची. ही तळी कुठे गेली, हा पाणवठा इथे नाही, ही वाट देवळाची आहे, असं बोट ठेवून सांगायची. त्याला कुणी सहभाग म्हटलं नाही. ‘नकाशो पळोवपाक या’ (नकाशा पाहायला या) एवढाच निरोप असायचा, आणि माणसं यायची.

पुढे त्या आराखड्याचं जे व्हायचं ते झालं, जमिनींची ‘रूपांतरं’ थांबली नाहीत. पण नकाशा वाचता येतो, हे लोकांना त्या वेळी उमगलं. ते ज्ञान अजून कामी येतं.

पाऊलवाट

केरळमध्ये १९९६ ला सुरू झालेल्या लोकनियोजनाच्या मोहिमेला मल्याळममध्ये ‘जनकीयासूत्रणम्’ म्हणतात. आसूत्रण म्हणजे नियोजन, त्यात आपलं ‘सूत्र’ आहेच. लोकांनी सूत्र हातात घ्यायचं. तिथे राज्याच्या योजना-निधीतला ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे दिला, म्हणून त्या शब्दाला अर्थ आला. नुसतं सुंदर नाव ठेवून तो आला नसता.

नदीकाठ

मी प्रश्न एका शब्दाचा विचारला होता, तुम्ही सगळ्यांनी अख्खं पत्रक बदलायला लावलंत. मनापासून आभार.

तुमचं वाचल्यावर ११.३ खालचा दुसरा दर्शक पुन्हा काढून पाहिला. शहर नियोजनात आणि कारभारात नागरी समाजाच्या थेट सहभागाची रचना किती शहरांत आहे, हे तो मोजतो. पण पुढे दोन अटी आहेत : ती रचना नियमितपणे आणि लोकशाही पद्धतीनं चालली पाहिजे. आपली विकास योजना सुधारायची वेळ साधारण २० वर्षांनी येते. २० वर्षांतले ३० दिवस हे ‘नियमित’ कसं म्हणायचं? आणि नियमित व्हायला कायद्यात वाट नाही असंही नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं ३ लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या, आणि महाराष्ट्रानं २००९ मध्ये कायद्यात ‘क्षेत्रसभा’ आणली, म्हणजे मतदारांची सभा, गावातल्या ग्रामसभेसारखी. ‘क्षेत्रसभा’ हा शब्द मी गल्लीत अकरा जणांना विचारला. एकालाही माहीत नव्हता. एका काकांना ते कुस्तीच्या आखाड्याचं नाव वाटलं.

तर ‘लोकसहभाग’ काढला. ‘सहभाग’ही काढला. उपसंपादकांचं आणि शब्दवेडीताईंचं ऐकून नाम सोडून क्रियापद धरलं. पहिला परिच्छेद आता असा आहे :

‘आपलं शहर पुढच्या २० वर्षांत कसं असावं, हे ठरवताना आपल्याला विचारलं पाहिजे. विचारायची पद्धत कायद्यात आहे. प्रारूप प्रसिद्ध झालं की ३० दिवसांत आपलं म्हणणं लेखी देता येतं. जमीन नावावर नसली तरी देता येतं. सर्व्हे नंबर माहीत नसेल तर जवळची खूण लिहा : शाळा, विहीर, वडाचं झाड. नकाशा बघायला या, रविवारी सकाळी दहाला, मारुतीच्या देवळामागच्या पारावर. पैसे आणायचे नाहीत.’

शेवटचं वाक्य काकूंसाठी.

आरेखक

‘जवळची खूण’ छान. फक्त ‘आपलं म्हणणं’च्या पुढे ‘(हरकत/सूचना)’ असं कंसात घाला, नाहीतर आवक-बारनिशीतला माणूस कागद कोणत्या फायलीत लावायचा म्हणून परत करेल. आणि पोच घ्यायला सांगा. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही.

रविवारी मी येतो. रंगांची खूणपट्टी मोठी करून आणतो, पिवळा म्हणजे रहिवास आणि हिरवा म्हणजे बाग नव्हे तर बऱ्याचदा शेती, हे आधी सांगावं लागेल.