मदत हवी आहे: मुलाला रात्री अकराला भूक, सकाळी मात्र घास उतरत नाही (वय ११)

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. मुलगा सहावीत. शाळा सव्वासातची, रिक्षा पावणेसातला दारात, म्हणजे सहाला उठवावंच लागतं. झोपायला मात्र बारा वाजतात.

यांची कुपवाड एमआयडीसीत पाळी बदलती असते. सेकंड शिफ्टला घरी यायला साडेअकरा. मी आठला ताट वाढते तेव्हा हा दोन घास खाऊन उठतो आणि पप्पा आले की त्यांच्याबरोबर भाकरी, भात, वर भडंग. त्या आठवड्यात दोघांची निवांत भेट तेवढीच, म्हणून मला रागवायला होत नाही. हे दुपारी बाराला जेवून लवंडतात, अडीचला निघतात. गंमत म्हणजे फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यातही पोरगा टक्क जागा, आणि भूक त्याच वेळेला!

सकाळी दूध दिलं तर मळमळतं म्हणतो. डबा अर्धा परत. एकला घरी आला की ताटावर तुटून पडतो, मग दोन तास झोपतो. पाचला आजीबरोबर चहा-चपाती, क्लासहून येताना वडापाव. रविवारी साडेदहाशिवाय उठत नाही. मोबाइल नऊनंतर कपाटात असतो, तेव्हा कृपया तो सल्ला नको. अंगाने बारीक आहे, रात्री पाय वळवळतात म्हणून दाबून मागतो.

२०२४ मध्ये सरकारने शाळा नऊच्या आधी भरवू नका म्हटलं, तेही चौथीपर्यंतच.

सासूबाई म्हणतात, पोट भरलं की झोप येतेच. मला उलट वाटतं. आधी झोप सरळ करू की जेवण? घरात शिफ्ट असणाऱ्यांनी जरूर सांगा.

हळदीचं पेव: ताई, आधी रविवार धरा. साडेदहाला उठलेल्या पोराला रात्री दहाला झोप कुठून येणार? सुट्टीलाही सातच्या आसपास उठवा आणि उन्हात पिटाळा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. आणि सेकंड शिफ्टला वडील अडीचपर्यंत घरीच असतात ना? मग त्यांचं बाराचं जेवण एकला न्या. बाप-लेकांची पंगत दुपारी बसू दे. रात्री आठचं ताट हेच शेवटचं.

कृष्णाकाठ: वरच्याशी सहमत. या वयाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं. वडापाव, भडंग तिथून येतं. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला मोठ्यांनाही पाचेक तास लागतात. शिवाय चपातीबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. पाय वळवळण्यामागे लोहाची कमतरता असू शकते. डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) तपासा; पहिलं ठीक असून दुसरं कमी निघतं. गोळ्या मनाने सुरू करू नका.

मूळ धागाकर्ती: दोघांचे आभार. हे एकला जेवायला लगेच तयार झाले, रक्तही तपासून घेतो. आता सासूबाईंपुढे चहाचा विषय कसा काढायचा, तेवढं कुणीतरी सांगा.