मदत हवी आहे: ९ बाय ५ फुटांच्या कॅनव्हासवर वाळूची सावली मेल्यासारखी दिसतेय

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला रामबागेत राहते, तैलरंगात काम करते. आजवर दीड-दोन फुटांची चित्रंच केली. यंदा पहिल्यांदा मोठं काम आलं: जैसलमेरजवळच्या समच्या वाळूच्या टेकड्या, ९ बाय ५ फूट. काम देणारे काका मूळचे तिकडचेच, तरुणपणी इंदुरात आले ते इथलेच झाले. बैठकीची अख्खी भिंत त्यांनी या चित्रासाठी मोकळी ठेवली आहे.

ज्या इंदुरात देवळालीकर मास्तरांनी बेंद्रेंसारखे चित्रकार घडवले, तिथे शिकून फोटोवरून वाळवंट करायला मन धजेना. डिसेंबरात दोन दिवस समला बसून पोस्टर कलरमध्ये अभ्यासचित्रं केली. त्यातलं १२ बाय २० इंचांचं एक काकांनी बघताक्षणी निवडलं. तेच चौकोन आखून मोठं केलं.

आधी टेकड्या फार उभ्या झाल्या होत्या. वाऱ्याच्या आडोशाची वाळू साधारण ३४ अंशांपर्यंतच टिकते, पुढे घसरते. ते लक्षात आल्यावर खरवडून पुन्हा केल्या. आता आकार बरोबर आहेत.

अडलंय ते सावलीत. छोट्या चित्रात सावली म्हणजे ब्रशचे तीन फटकारे होते आणि ती जिवंत होती. इथे तीच चार फूट पसरली आहे आणि ओल्या सिमेंटसारखी दिसते. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि थोडा टायटॅनियम व्हाइट वापरलाय. शिवाय रंग ठिकठिकाणी आत शोषला गेलाय: एक पट्टा मॅट, शेजारचा चकचकीत. पहिल्या हाताला टर्पेंटाइन जास्त झालं, ही चूक माझीच.

रविवारी काका आले. बराच वेळ समोर बसून राहिले. मग म्हणाले, "बेटा, बहुत सुंदर है. पर ये रेत हमारी नहीं है." काय खटकतंय ते त्यांनाही सांगता येईना. तेव्हापासून ब्रश हातात घेतलेला नाही.

मॅट पट्ट्यांवर तसंच काम पुढे नेऊ का? एवढी मोठी सावली सपाट न होता कशी करायची? दसऱ्याला चित्र द्यायचं आहे आणि पावसामुळे रंग लवकर वाळत नाहीये. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद, बडोद्याहून

ताई, आधी पट्ट्यांचं. थर हाताला पूर्ण कोरडा लागला की जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं करून मऊ फडक्याने अगदी पातळ चोळा आणि जादाचं लगेच टिपून घ्या. खरा रंग परत दिसेल. तो बघितल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका, निम्मी सावली कदाचित तिथेच सुधारेल. यापुढचा प्रत्येक हात खालच्यापेक्षा थोडा तेलकट ठेवा, नाहीतर पुढे भेगा पडतील.

सावली एका मिश्रणात करू नका. वर आभाळाकडे तोंड असलेल्या भागात निळं उतरतं, तळाशी समोरच्या उन्हातल्या टेकडीचा उजेड परततो, तिथे सिएना (मातकट तपकिरी) आणि गेरूकडचा रंग हवा. पांढरा कमी करा, सिमेंट त्यानेच होतंय. आणि काकांना एक विचारा: त्यांच्या आठवणीतलं वाळवंट कुठल्या महिन्यातलं?

धागाकर्तीचं उत्तर

दादा, मनापासून आभार. एका कोपऱ्यात वीतभर जागी तेल चोळून पाहिलं. खालचा जांभळट रंग वर आला, मी तो लावला होता हेच विसरले होते.

काकांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "जेठ." मग अर्धा तास बोलत राहिले: धुळीने पांढुरकं झालेलं आभाळ, दुपारभर दार लावून बसणं, अंगणात आत आलेली रेती आईने रोज सुपाने भरून बाहेर टाकणं. मी तर डिसेंबरचं स्वच्छ निळं आभाळ रंगवलंय, आणि त्याच निळ्यावर सगळ्या सावल्या बेतल्या आहेत.

म्हणजे आता आभाळापासून सुरुवात. क्षितिजाजवळ पिवळट, धुरकट, दूरच्या टेकड्यांच्या कडा त्यात विरघळलेल्या. एक विचारायचं राहिलं: निळं आभाळ पूर्ण कोरडं आहे, त्यावर ओकरचा (मातकट पिवळ्याचा) पातळ हात पुरेल, की वरचे दोन फूट नव्याने रंगवावे लागतील?