दीड वर्षाच्या भाचीसाठी खेळणं सुचवा

भाची नुकतीच दीड वर्षाची झालीय. पुढच्या आठवड्यात तिला भेटायला जातेय, पण काय न्यावं ते ठरत नाहीये. सध्या तिचे उद्योग म्हणजे डब्यातलं सगळं बाहेर काढायचं, पुन्हा भरायचं आणि हाताला लागेल ते तोंडात घालायचं. बाहुल्यांकडे ती ढुंकूनही बघत नाही.

गाणी वाजवणारं काही नको. ताईने आधीच बजावलंय, "आवाजाचं आणलंस तर तुझ्याच घरी ठेव!" शिवाय अशा खेळण्यांत बरेचदा बटणासारखे चपटे सेल असतात. तसा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर 2 तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. त्यामुळे स्क्रूने बंद होणारं झाकण असलं तरी मला धाकधूक वाटेल. सुटे चुंबक, मणी आणि 3 वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असं लिहिलेलं सगळं आधीच बाद केलंय.

आता एकात एक बसणाऱ्या वाट्या, मोठे लाकडी ठोकळे आणि ढकलत न्यायची गाडी एवढं उरलंय. माझा कल वाट्यांकडे आहे, पण भेट म्हणून फारच साध्या वाटतील का? वेगवेगळे आकार भोकांतून आत टाकायचा डबाही आवडला होता. गोल जमेल तिला, पण चांदणी, त्रिकोण या वयात जमतात का? की चिडून फेकूनच देईल?

तुमच्याकडे या वयाच्या मुलांनी कशाशी खरंच महिनोन्‌महिने खेळलंय? आणि लाकडी खेळण्याचा रंग लाळेने सुटणार नाही, हे घेताना कसं तपासता?