सेव्हन धाटणीची किट कार: इंजिन कुठलं, सायलेन्सर केवढा?

कोव्हेंट्रीकर: मंडळी, गॅरेजात किट कारची, म्हणजे सुटे भाग आणून घरीच जोडायच्या गाडीची, चॅसी (सांगाडा) उभी आहे; धाटणी लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची. बायको तिला ‘लोखंडी खाट’ म्हणते. फोर्डचं २ लिटर झेटेक इंजिन घेऊ की जुन्या माझदा एमएक्स-५ चं १.८? सायलेन्सर मात्र बाजूलाच हवा, कोपराशी गुरगुरला पाहिजे.

लेस्टरचा मामा: एमएक्स-५ घे रे. इंजिन मुळातच उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं, सेव्हनला लागतं तसं; गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) सगळं एकाच गाडीतून. झेटेक फोकस-मॉन्डेओत आडवं असतं. ते उभं बसवायचं तर फोर्डचा टाइप ९ गिअरबॉक्स शोध, तो इंजिनाला जोडणारं बेलहाउसिंग शोध... पैसा तिथेच जिरतो.

पुणे ते लीड्स: आवाज विसरू नका! आयव्हीए तपासणीत (घरी बांधलेली गाडी ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी) मर्यादा ९९ डेसिबल. माइक नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत. माझा १०२ आला. लांब डबा घेतला, आत आवाज शोषणारी लोकर ठासून भरली, तेव्हा सुटलो. आणि कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढायच्या भानगडीत पडू नका, धुराचीही तपासणी असते.

कोव्हेंट्रीकर: ठरलं, एमएक्स-५. नळीवर जाळी लावणारच. रविवारी मित्राच्या गाडीतून उतरताना तापलेल्या नळीला पोटरी चिकटली; रुपयाएवढा फोड आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.